परदेशातल्या छोट्या क्लबची ऑफर: सही करण्याआधी काय तपासायचं?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. पुतण्यासाठी विचारतोय. वय 22, पुढच्या जुलैत 23 पूर्ण. डाव्या पायाचा लेफ्ट बॅक. सोळाव्या वर्षापासून बडोद्यातल्या एकाच क्लबकडे नोंद, मग एक मोसम दुसऱ्या राज्यात आय-लीग 2 मधल्या क्लबकडे. तो करार 31 मेला संपला, तेव्हापासून मोकळा आहे.

आता एका एजंटमार्फत बाल्टिक देशातल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या क्लबचं पत्र आलंय. फेब्रुवारी ते नोव्हेंबर, 10 महिने, महिना 900 युरो, राहायला फ्लॅट. एजंट व्हिसा आणि 'इंटरनॅशनल रजिस्ट्रेशन फी' मिळून दीड लाख आधी मागतोय. करारात एक कलम असं की मेडिकल पास झालं आणि वर्क परमिट मिळालं तरच करार लागू. आय-लीग 2 चा क्लब म्हणतो, एनओसी हवी तर दोन लाख ठेवा.

यातलं खरं काय, खोटं काय? आणि असं दर वर्षी क्लब बदलत देशोदेशी फिरण्यात काही अर्थ असतो का, हेही सांगा. घरात दोन तट पडलेत.

कागदी_घोडा

काका, आधी ते दीड लाख थांबवा.

एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आयटीसी लागतं, म्हणजे आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र. हा कागद खेळाडूच्या हातात येतच नाही. नवा क्लब फिफाच्या टीएमएस या ऑनलाइन यंत्रणेत करार चढवतो, त्याचा महासंघ आपल्या एआयएफएफकडे (भारतीय फुटबॉल महासंघाकडे) आयटीसी मागतो, एआयएफएफ जुन्या क्लबला करार संपला का ते विचारतं आणि तिथूनच उत्तर पाठवतं. फिफाच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की आयटीसी विनाशुल्क आणि विनाअट द्यायचं. त्यामुळे 'इंटरनॅशनल रजिस्ट्रेशन फी' नावाचं काही नसतं. व्हिसाची फी असते, पण ती दूतावासाच्या साइटवर लिहिलेली असते आणि ती तुम्ही स्वतः भरता.

एजंटकडे फिफाचा लायसन्स नंबर मागा आणि फिफाच्या साइटवरच्या एजंटांच्या यादीत नाव शोधा. नंबर नसेल, किंवा 'माझा पार्टनर लायसन्सवाला आहे' असं उत्तर आलं, तर विषय संपला. लायसन्सवाल्याशीही लेखी करार हवा. खेळाडूशी तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा करता येतो. मानधन पगारातल्या टक्क्यावर ठरवा आणि पगार आल्यावरच द्या.

क्लब खरा आहे का, ते पत्रावरच्या नंबरवर फोन करून कधीच कळत नाही. पत्र ज्याने बनवलं त्याचाच तो नंबर असतो. त्या देशाच्या फुटबॉल महासंघाच्या साइटवर जा, लीगच्या यादीत क्लब शोधा, तिथून क्लबची साइट, तिथून ईमेल. त्या पत्त्यावर इंग्रजीत चार ओळी लिहा: या नावाच्या, या जन्मतारखेच्या खेळाडूला तुम्ही या तारखेचं पत्र दिलंय का, सही कोणाची, आणि तुमच्या वतीने कोणता एजंट बोलतोय. पत्र जोडा. खरा क्लब बहुधा एका ओळीत उत्तर देतो. पत्र मोफत मेलवरून आलेलं असेल आणि क्लबचा अधिकृत ईमेल गप्प असेल, तर पुढे जाऊ नका.

आता एनओसी. आपल्याकडे क्लबांना तो शब्द फार आवडतो. करार 31 मेला संपलाय, तर नव्या क्लबला त्या कागदाची गरज नाही. पण जुना क्लब ज्या जोरावर दोन लाख म्हणतोय तो मुद्दा वेगळा आहे आणि तो खरा आहे: ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन. यात पोरांच्या ऑफर शेवटच्या आठवड्यात फिसकटतात आणि कारण त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून नीट लिहितो.

खेळाडू ज्या वर्षी 23 चा होतो त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत तो परदेशी क्लबकडे व्यावसायिक म्हणून गेला, तर नव्या क्लबला त्याला घडवणाऱ्या क्लबांना पैसे द्यावे लागतात. 12 ते 21 वयातले मोसम मोजतात. क्लबांच्या 1 ते 4 अशा श्रेणी असतात, आणि दर नव्या क्लबच्या श्रेणीचा लागतो. युरोपात श्रेणी 3 ला मोसमाचे 30,000 युरो, श्रेणी 2 ला 60,000. नवा क्लब श्रेणी 4 चा असेल तर काहीच देणं लागत नाही.

तुमच्या पुतण्याचा हिशोब असा. आय-लीग 2 च्या मोसमात सीआरएसमध्ये (एआयएफएफच्या ऑनलाइन खेळाडू नोंदणीत) त्याची नोंद 'प्रोफेशनल' होती की 'अमॅच्युअर', हे आधी बघा. प्रोफेशनल असेल तर फक्त त्या शेवटच्या क्लबचा हक्क, एकविसाव्या वर्षाचा एकच मोसम, म्हणजे श्रेणी 3 धरली तर 30,000 युरो. अमॅच्युअर असेल तर बाल्टिकमधली नोंद ही त्याची पहिली व्यावसायिक नोंद ठरते आणि सगळे क्लब रांगेत येतात. बडोद्याचे 16 ते 20 असे पाच मोसम आणि तो एक, सहा गुणिले 30,000, म्हणजे 1,80,000 युरो. महिना 900 देणारा क्लब हा आकडा बघून फोन उचलायचं बंद करतो.

उपाय दोनच. एक, क्लबला सरळ विचारा तुमची श्रेणी कोणती. चार असेल तर प्रश्न मिटला. दुसरा उपाय, श्रेणी चार नसेल तर आपल्या दोन्ही क्लबांकडून हक्क सोडल्याचं पत्र घ्या: लेटरहेडवर, खेळाडूचं नाव, जन्मतारीख, नव्या क्लबचं नाव, मोसम, अधिकृत सही, शिक्का. नुसती एनओसी म्हणजे हक्क सोडणं नव्हे, शब्द तसेच लिहिलेले हवेत. नोव्हेंबर 2022 पासून हे सगळे पैसे फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमधून जातात, खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट (कोणत्या क्लबकडे कधी होता याची नोंद) तयार होतो आणि ते पत्र तिथे वेळेत चढवावं लागतं. मागाहून तोंडी 'आमचं काही मागणं नाही' म्हणून चालत नाही.

दोन लाखांचं मात्र तुम्ही आणि तो क्लब काय ते बघा. हक्क सोडायला त्यांच्यावर सक्ती नाही.

पगारतारीख

वरच्यांनी नोंदणीचं लिहिलं, मी फक्त करारावर लिहितो.

मेडिकल आणि परमिटच्या अटीचं कलम फिफाच्या नियमांच्या विरुद्ध आहे (कलम 18). कराराची वैधता त्यावर अवलंबून ठेवता येत नाही. क्लबने तपासणी आधी करायची, मग सही. तरीही छोटे क्लब हे कलम घालतात, कारण बहुतेक पोरं वाचत नाहीत. 'मेडिकल इथे बडोद्यात करून रिपोर्ट पाठवतो, कलम काढा' असं लिहा. ईसीजी, इको, रक्ताच्या तपासण्या आणि जुन्या दुखापतीचा एमआरआय असेल तर तो. काढायला तयार नसतील तर तिकीट स्वतःच्या पैशाने अजिबात काढू नका.

900 युरो हातात की कापून? करारात 'नेट' हा शब्द आणि 'कर व सामाजिक विमा क्लब भरेल' हे वाक्य, दोन्ही हवं. पगाराची तारीख हवी, जसं पुढच्या महिन्याची 10. 'महिन्याला' एवढंच लिहिलं तर भांडायला आधार उरत नाही. बोनस 'क्लबच्या अंतर्गत नियमांप्रमाणे' असेल तर तो नाही असंच समजा.

फ्लॅटचं वाक्य एका ओळीचं असतं आणि तिथेच पैसे जातात. किती जणांत एक, स्वतंत्र खोली का, वीज-पाणी कोण भरणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हीटिंग. बाल्टिकात फेब्रुवारी-मार्चचं हीटिंगचं बिल बडोद्याच्या माणसाच्या डोक्यात येतच नाही. 900 मधून ते खेळाडूने भरायचं ठरलं तर जेवणाला काय उरणार?

तिकीट: येण्याचं आणि जाण्याचं, दोन्ही, 'सामानासह'. दुखापत: पगार चालू राहील आणि उपचाराचा खर्च क्लबचा, हे लिहून घ्या. व्हिसासाठी काढलेली 30,000 युरोंची प्रवास विमा पॉलिसी इथे कामाची नाही, त्यातल्या बऱ्याच पॉलिसी व्यावसायिक खेळातली दुखापत वगळतात. गुडघ्याचं एसीएल हे लिगामेंट गेलं तर नऊ महिने मैदान नाही, आणि करारच दहा महिन्यांचा आहे.

'50 टक्के सामने न खेळल्यास क्लब करार संपवू शकतो' अशी एकतर्फी कलमं दिसली तर खोडायला सांगा. दोन कागद देत असतील, म्हणजे महासंघाकडे द्यायला 400 चा आणि खिशात ठेवायला 500 चा, तर नको म्हणा. पुढे पैसे थकले की दुसरा कागद कोणी ओळखत नाही.

आता पैसे थकले तर. फिफप्रोने (खेळाडूंच्या जागतिक संघटनेने) 2016 मध्ये जगभरच्या सुमारे 14,000 खेळाडूंना विचारलं, तेव्हा 41 टक्क्यांनी मागच्या दोन मोसमांत पगार उशिरा मिळाल्याचं सांगितलं, आणि 45 टक्क्यांहून जास्त जण महिना 1,000 डॉलरच्या आत होते. फिरत्या खेळाडूच्या आयुष्यात हे होणारच असं धरूनच चाला. दोन महिन्यांचे पगार थकले की क्लबला लेखी नोटीस द्यायची, 15 दिवसांची मुदत, खात्याचा नंबर, रक्कम, महिने लिहून. त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर न्याय्य कारणाने करार संपवता येतो (कलम 14 बिस). नोटीस न देता विमान पकडलं तर करार तुम्हीच मोडला असं ठरतं, आणि क्लब उलट भरपाई मागतो. पोरं नेमकी हीच चूक करतात.

त्यानंतर फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडे दावा. खेळाडूला त्याची फी नाही, पण दोन वर्षांच्या आत करायचा. करारात 'वाद फक्त स्थानिक न्यायालयात' असं असेल तर हा रस्ता अवघड होतो, म्हणून ते वाक्य आत्ताच शोधा. निकालानंतर क्लबने 45 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याच्यावर नवे खेळाडू नोंदवायला बंदी येऊ शकते, तीन विंडोपर्यंत (विंडो म्हणजे खेळाडू नोंदवायची ठरलेली मुदत). छोटे क्लब याला घाबरतात.

स्थानिक भाषेतल्या कुठल्याही कागदावर सही नको. 'नुसती पावती आहे' म्हणतात, आणि त्यात सगळे पैसे रोख मिळाले असं लिहिलेलं असतं.

डावी_बाजू

फिरण्यात अर्थ आहे का, यावर थोडं.

टोकाची उदाहरणं सगळ्यांना ठाऊक असतात. उरुग्वेचा सेबास्टियन अब्रेऊ, 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये घानाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये अलगद चिप मारणारा, 2017 मध्ये 26 व्या क्लबसह गिनीजमध्ये गेला. जर्मन गोलकीपर लुट्झ फॅनेनस्टील सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक खेळला. पण हे दोघे तुमच्या पुतण्याच्या कामाचे नाहीत.

कामाची आहेत आपली माणसं. बायचुंग भुतिया 1999 मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबला गेला, नंतर मलेशियात पेराक. गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला, दुसऱ्या फळीत वाट बघत राहिला आणि 2016 मध्ये युरोपा लीगचा सामना खेळणारा पहिला भारतीय झाला. मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून महिला चॅम्पियन्स लीग खेळली, 2024 मध्ये तिथून ग्रीसच्या पाओकला गेली. उलट बाजूला संदेश झिंगन: 2021 मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला, दुखापत झाली, एकही सामना न खेळता परतला. आणि सुनील छेत्रीला तर 2009 मध्ये इंग्लंडच्या क्यूपीआर क्लबने घेऊनही वर्क परमिट मिळालं नाही, कारण भारताचं फिफा मानांकन.

यात क्लबचं नाव गौण आहे, मिनिटं बघा. फिरत्या खेळाडूला पुढचा क्लब मिळतो तो मागच्या मोसमात किती मिनिटं खेळला यावर. मोठ्या लीगच्या बाकावर बसलेला लेफ्ट बॅक आणि छोट्या लीगमध्ये 2,000 मिनिटं खेळलेला लेफ्ट बॅक, यात दुसऱ्याला फोन येतो. म्हणून क्लबला विचारा, डावीकडे अजून कोण आहे? गेल्या मोसमातली संघाची यादी साइटवर असते. तिथे 19 वर्षांचा स्थानिक मुलगा असेल तर ठीक. त्या जागी आधीच दोन परदेशी असतील तर पुतण्याला फक्त सरावात संख्या भरायला बोलावलंय.

बाल्टिकातला मोसम वसंतात सुरू होऊन हिवाळ्याआधी संपतो, आपला उलटा. याचा फायदा असा की नोव्हेंबरमध्ये मोकळा झालेला खेळाडू जानेवारीच्या विंडोत दुसरीकडे जाऊ शकतो. तोटा असा की एका मोसमात तीन क्लबांकडे नोंद चालते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. अधेमध्ये महिनाभराचा क्लब पकडला तर ती जागा वाया गेली.

आशियात आपल्याला एक पत्ता आहे, काही लीगमध्ये परदेशी खेळाडूंत एक जागा आशियाईसाठी राखीव असते. भारतीय पासपोर्ट तिथे चालतो. मलेशिया-थायलंडकडे बघताना मात्र आसियान (आग्नेय आशियातल्या) देशांची जागा वेगळी असते, त्यात भारत बसत नाही.

व्हिडिओ आत्तापासून नीट ठेवा. चार मिनिटं, गाणं नको. लेफ्ट बॅक आहे तर पहिल्या 30 सेकंदांत क्रॉस नको, एकास-एक बचाव दाखवा, कारण मुलगा बचाव करू शकतो का हा प्रश्न प्रत्येक कोचच्या मनात असतो. प्रत्येक क्लिपच्या आधी अर्धा सेकंद चित्र थांबवून त्याच्याभोवती गोल. सोबत दोन पूर्ण सामने, त्यातला एक हरलेला. हरलेला सामना मागतातच.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटकडे लायसन्स नंबर मागितला, दोन दिवस उत्तर नाही. क्लबला महासंघाच्या साइटवरून मेल केला, उत्तर आलं: पत्र खरं आहे, पण एजंटला त्यांनी कामच दिलेलं नाही, व्हिडिओ त्याने पाठवला एवढंच. श्रेणी 4. मेडिकलचं कलम काढायला तयार आहेत. आता कागद कोणते आणि सोबत काय द्यायचं?

कागदी_घोडा

श्रेणी 4 म्हणजे दोन लाखांचा विषय मिटला. त्या क्लबशी भांडू नका, एआयएफएफकडून विचारणा आली की 'करार संपला' एवढं त्यांनी वेळेत कळवावं, इतकंच गोडीत सांगून ठेवा.

कागदांत गुजरातची खास अडचण म्हणजे नाव. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. सीआरएसमध्ये क्लबच्या माणसाने तिसरंच स्पेलिंग घातलेलं. टीएमएसमध्ये पासपोर्टप्रमाणे शोधतात आणि खेळाडू सापडतच नाही, किंवा एकाचे दोन होतात. सीआरएसची नोंद आजच उघडा आणि पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा. चूक असेल तर दुरुस्ती क्लब आणि राज्य संघटनेमार्फत करावी लागते, तिला वेळ लागतो. महापालिकेचा जन्मदाखला जुना, फक्त गुजरातीत असेल तर इंग्रजी असलेला नवा काढा.

पासपोर्ट कराराच्या शेवटानंतरही काही महिने चालणारा हवा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या साइटवरून अर्ज करून मिळतं, पण फार आधी काढू नका, दूतावास जुनं घेत नाहीत. दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल (परदेशात चालणारी प्रमाणित मोहोर) लागेल. त्याआधी राज्याची पडताळणी लागते, म्हणून त्याला तीन-चार आठवडे धरा. लिथुआनिया, लातविया, एस्टोनिया तिघांचेही दूतावास दिल्लीत आहेत. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर 'आधी या, मग बघू' म्हणाले तर नाही म्हणा. तो 180 दिवसांत 90 दिवसांचा, आणि त्यावर पगार घेऊन खेळणं म्हणजे बेकायदा काम.

तिथे कापलेल्या कराचा दाखला मोसम संपताना क्लबकडून घ्या. नंतर मागितला तर मिळत नाही आणि इथे सीए पहिल्यांदा तोच मागतो.

फिजिओ_मांजलपूर

सामानाचं मी सांगतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथला सराव कृत्रिम मैदानावर किंवा बंद हॉलमध्ये. पोलो ग्राउंडवर वापरलेले लांब स्टडचे एफजी (कोरड्या, घट्ट मातीच्या मैदानाचे) बूट तिथे नेऊ नका. त्या गवतात लांब स्टड रुततो, पाय वळतो आणि बूट वळत नाही. ताण थेट गुडघ्यावर. एजी (कृत्रिम गवताचा) तळ हवा: स्टड आखूड, जास्त संख्येने, बहुधा आतून पोकळ. दोन जोड्या, इथेच तीन आठवडे घालून मऊ केलेल्या. नव्या बुटाने पहिल्याच आठवड्यात टाचेला फोड आला की ट्रायलसारख्या सरावात चार दिवस गेले. वसंतानंतर ओल्या गवतासाठी एसजी (मऊ मैदानाचे) बूट तिथेच घ्या.

मुलगा शाकाहारी असेल तर वजनाच्या किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं धरा. 70 किलोला 105 ते 140 ग्रॅम. दूध, दही, पनीरसारखं चीज, मसूर तिथे सहज मिळतं. तूरडाळ आणि मेतकूट न्या. रोज सेव-उसळ मिळणार नाही याचं दुःख पहिले दोन आठवडे राहतं, मग थंडीत भूकच इतकी लागते की काहीही चालतं.

आणि औषधांचा डबा स्वतः तपासा. आपल्याकडच्या दुकानात सहज मिळणाऱ्या बऱ्याच खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालिन असतं, ते वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे. आई प्रेमाने बाटली देते आणि डोपिंग चाचणीत मुलगा अडकतो. बाटलीवरचे घटक वाचा, टर्ब्युटालिन दिसलं तर ती घरीच ठेवा. घटक न लिहिलेलं चूर्ण आणि जिममधल्या डब्यातली पावडर, दोन्ही तसंच.